पावणेसहा तास

पावणेबाराला मी हात धुते, कोपरापर्यंत. हातमोजे घालते. बाळाच्या पोटावर डाव्या बाजूला एक छोटं बटण आहे, शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं. आधी त्याच्या आजूबाजूची कातडी लाल झालीय का ते बघते. मग त्याला नळी जोडायची. तत्पूर्वी नळीत दूध भरून आतली हवा काढलेली असते, नाहीतर सगळी हवा पोटात जाते आणि तो कळवळतो. ६० मिलीची मोठी सिरिंज दट्ट्या काढून नळीला लावायची, तिच्यात दूध ओतायचं आणि ती हातात धरून उभं राहायचं. सिरिंज वर नेली की दूध भरभर उतरतं, खाली घेतली की सावकाश. त्याच्या चेहऱ्याकडे बघत हात वरखाली करायचा. वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी दहा मिली पाण्याने नळी धुवायची, बटणाचं झाकण लावायचं आणि पुढचा अर्धा तास त्याला आडवं होऊ द्यायचं नाही. त्यानंतर भिंतीवरच्या तक्त्यात वेळ, किती मिली दिलं ते आणि शेवटच्या रकान्यात माझी आद्याक्षरं.

शाळेतल्या विशेष मुलांच्या वर्गात एका मुलाला (मी त्याला बाळ म्हणते) पोटातल्या नळीने दूध द्यायचं हे काम मी २०२३ च्या सप्टेंबरपासून करत होते. त्याचा पगार मला मिळत नव्हता, आणि तो मिळायला हवा होता हे कळायलाच मला चार महिने लागले. कळल्यानंतर काय काय करावं लागलं ते लिहितेय, कारण कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या शाळांत अशी कामं करणाऱ्या आपल्या बायका मला आता बऱ्याच भेटतात आणि प्रत्येकीची गोष्ट कुठेतरी याच्याशी जुळते. बाळ, शाळा आणि आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) यांची नावं मी लिहिणार नाही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर इकडे. एच-४ वर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना, नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर असेल तर, २०१५ पासून कामाचा परवाना मिळतो. तो हातात आल्यावर मुलीच्या शाळेच्या वेळेत बसेल असं काम शोधत होते. विशेष मुलांच्या वर्गात ‘पॅरा’ हवी होती, म्हणजे शिक्षकाच्या हाताखालची मदतनीस. बोटांचे ठसे दिले, टीबीची तपासणी केली, शिवाजी विद्यापीठाच्या डिग्रीचं इथल्या हिशेबाने मूल्यमापन करून आणलं आणि रुजू झाले. नेमणूक रोज पावणेसहा तासांची. पावणेसहाच का, ते नंतर उमगलं: युनियनने डिस्ट्रिक्टशी केलेल्या आमच्या करारात सहा तासांपासून पूर्ण आरोग्यविमा लागू होतो.

कॅलिफोर्नियात शाळेतल्या नोकरदारांचे दोन गट आहेत. शिक्षक ते सर्टिफिकेटेड, आणि आम्ही बाकीचे क्लासिफाइड: पॅरा, बस ड्रायव्हर, स्वयंपाकघरातल्या बाया, सफाई कामगार, ऑफिसातल्या क्लार्क. आपल्याकडचा शब्द मला पहिल्याच दिवशी आठवला, शिक्षकेतर. आमचे आण्णा तीस वर्षं शिक्षकेतर होते. अनुदानित शाळेत शिपाई.

पगार दहा महिन्यांचा. जून-जुलैत काही नाही, आणि बेकारभत्ताही नाही, कारण मे महिन्यात डिस्ट्रिक्ट एक पत्र देतं की ऑगस्टमध्ये तुम्हाला पुन्हा काम मिळण्याची वाजवी खात्री आहे. या पत्रामुळे कायद्याच्या लेखी तुम्ही बेकार ठरत नाही. काही डिस्ट्रिक्ट राज्याच्या एका उन्हाळी योजनेत भाग घेतात. तिथे आपण वर्षभर पगारातून १० टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवायची आणि राज्य त्यात आपली भर घालून उन्हाळ्यात परत देतं. आमचं डिस्ट्रिक्ट त्यात होतं म्हणून दोन उन्हाळे निभावले. ज्यांचं नाही, त्यांनी युनियनकडे जरूर विचारावं.

सप्टेंबरात आमच्या वर्गाची हेल्थ असिस्टंट नोकरी सोडून गेली. नळीने दूध द्यायचं काम तिचं होतं. ११ तारखेला नर्सने मला बोलावलं, तीन वेळा करून दाखवलं, तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं आणि कागदावर सही घेतली. नर्सच्या देखरेखीखाली प्रशिक्षित माणसाने हे करायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे त्यात बेकायदा काही नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे सांभाळून घ्या. मी हो म्हटलं. भुकेलं पोर समोर असताना दुसरं काय म्हणणार?

दोन-तीन आठवड्यांचे चार महिने झाले. जानेवारीत मी एका मैत्रिणीसाठी एडजॉइनवर नोकऱ्या बघत होते. इथल्या शाळांच्या बहुतेक जागा त्या साइटवर येतात. आमच्याच शाळेची हेल्थ असिस्टंटची जाहिरात तिथे अजून उघडी होती. कामाचं वर्णन वाचत गेले: पोटातल्या नळीने आहार देणे, त्याची नोंद ठेवणे, डायपर बदलणे, उचलून खुर्चीत बसवणे. ओळीमागून ओळ मी रोज करत होते तेच. पगार तासाला २५ डॉलर ६७ सेंट. माझा २२ डॉलर ४१ सेंट.

त्या रात्री झोप आली नाही. सव्वातीन डॉलरचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे की कुणीतरी हे काम कागदावर लिहून, त्याची किंमत ठरवून ठेवली होती, ती सगळ्यांना दिसत होती, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “आपलं ग्रीन कार्ड अडकलेलं, तुझा परवाना दर वेळी रिन्यू करायचा, कशाला भानगडीत पडतेस?” त्याची भीती खरी होती आणि मलाही तीच होती. आमच्या पिवळ्या बसची ड्रायव्हर मेक्सिकोतून आलेली, वीस वर्षं नोकरी झालेली बाई. बाळाची व्हीलचेअर उतरवताना तिने माझा चेहरा बघितला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की पंधरा दिवसांत पाच दिवसांपेक्षा जास्त करतेस का? मी म्हटलं, रोज करते. “मग आजच स्टुअर्डला, युनियनच्या प्रतिनिधीला, फोन कर.”

तिचं ते पाच आणि पंधरा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडचं कलम ४५११०. क्लासिफाइड माणसाकडून त्याच्या पदाला नेमून दिलेल्या कामाबाहेरचं काम १५ दिवसांच्या मुदतीत पाच कामाच्या दिवसांपेक्षा जास्त करून घेतलं, तर त्या सगळ्या काळाचा पगार वाढवून द्यावा लागतो. यातून सुटायला डिस्ट्रिक्टला एकच वाट आहे: ते काम मूळ कामाशी वाजवी रीतीने संबंधित आहे असं दाखवणं. या एका शब्दावर, ‘संबंधित’वर, आमचे पुढचे तीन महिने गेले.

मी युनियनची सभासदही नव्हते. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या जेनस निकालानंतर सरकारी नोकरांना सभासद न होता राहता येतं आणि एक पैसाही द्यावा लागत नाही. रुजू होताना वर्गणी वाचेल म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवला होता. आमची स्टुअर्ड दुसऱ्या शाळेतली लायब्ररी क्लार्क. तिने पहिल्याच फोनवर सांगितलं की सभासद नसलीस तरी तुझी केस लढणं युनियनला भागच आहे. मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. ते मला योग्य वाटलं. व्हिसाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, ही करारातली तक्रार आहे, तिचा इमिग्रेशनशी काही संबंध नाही, आणि तक्रार केली म्हणून त्रास देणं हेच वेगळं बेकायदा ठरेल. १९७५ च्या ज्या कायद्याने इथल्या शाळा कर्मचाऱ्यांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला, त्याच्यातच ते संरक्षण आहे.

तिने तीन गोष्टी करायला लावल्या. एक वही घ्यायची आणि रोज तारीख, वेळ, काय केलं, किती मिनिटं लागली, कुणी सांगितलं ते लिहायचं. वहीत मुलाचं नाव, आजार, वर्ग यातलं काहीही लिहायचं नाही, कारण विद्यार्थ्याची माहिती फुटली तर चूक माझी ठरेल. आणि शाळेच्या ईमेलवरून यातलं काही पाठवायचं नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ८० पानी वही आणली. अजून आहे माझ्याकडे. सगळ्या नोंदी मराठीत आहेत, कारण दमून गाडीत बसल्यावर तेवढंच सुचायचं. “११.४७ ते १२.१४. दूध २१०. खोकला, दोनदा थांबले. आज हसला.” हे ‘आज हसला’ तक्रारीच्या कामाचं नव्हतं, पण खोडलं नाही.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी थोडं बोलायचंय म्हणून बोलावलं. कुणाकडून तरी कानावर गेलं असावं. स्टुअर्डने आधीच शिकवून ठेवलं होतं, की विषय तुझ्यावर कारवाईकडे जाईल असं वाटलं तर माझा प्रतिनिधी येईपर्यंत थांबू या, एवढंच म्हणायचं. याला वाइनगार्टन हक्क म्हणतात, १९७५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावरून. पण हा हक्क मागावा लागतो. आपण मागितला नाही तर कुणी आणून देत नाही. मी मागितला तेव्हा माझा आवाज कापत होता. ते म्हणाले ठीक आहे, आणि बैठक चार दिवस पुढे गेली.

त्या बैठकीत ते चांगलेच बोलले. आपण सगळे एका कुटुंबासारखे, बाळ तुमच्यावर किती विसंबून आहे, तुमचं त्याच्यावर किती प्रेम आहे हे आम्हाला दिसतं. मला काही बोलता आलं नाही. खरंच प्रेम होतं. आणि पैसे मागितले की ते प्रेम खोटं ठरेल, अशी जागा त्यांनी त्या टेबलावर तयार केली होती. स्टुअर्ड शांतपणे म्हणाली, “तिचं प्रेम आम्ही मोजायला आलेलो नाही, तिचं काम मोजायला आलोय.” मी घरी येऊन ते वाक्य वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलं.

पहिल्या पायरीची लेखी तक्रार फेब्रुवारीत दिली. आमच्या करारात गोष्ट कळल्यापासून २० कामाच्या दिवसांत तक्रार द्यावी लागते. ही मुदत चुकली की पुढचं सगळं संपतं. उत्तर आलं: मुलांना खाण्यापिण्यात मदत करणं हे पॅराच्या कामाच्या वर्णनात आहेच, शिवाय शेवटची ओळ ‘आणि सोपवली जातील ती इतर कामे’, तेव्हा हे काम संबंधित आहे, तक्रार नामंजूर.

ती ओळ वाचून मी साताऱ्याला फोन लावला. आण्णा शाळेत शिपाई, पण विज्ञानाची प्रयोगशाळा तेच सांभाळायचे. परीक्षानळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्या लावणं, प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री थांबून सगळी मांडणी करणं. प्रयोगशाळा परिचराची जागा रिकामी होती आणि ती भरलीच गेली नाही. त्यांच्या हाताला एका ठिकाणी आम्लाचा पांढरा डाग आहे. पगार मात्र शेवटपर्यंत शिपायाचा. मी विचारलं, “आण्णा, तुम्ही कधी विचारलं नाही?” ते म्हणाले, “कुणाला विचारणार पोरी? आमच्या कागदातपण असंच होतं, साहेब सांगतील ते.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “आता तर शिपाईपण नाही. भत्त्यावर पोरगा येतो.” आण्णा २०१९ साली निवृत्त झाले. पुढच्या वर्षी, २०२० च्या डिसेंबरात, शासन निर्णय आला, की अनुदानित शाळांत चतुर्थश्रेणीची पदं यापुढे नेहमीच्या पगारावर भरायची नाहीत, शाळेला शिपाई भत्ता द्यायचा: मुंबई-पुण्यात १० हजार, इतर महापालिकांत साडेसात, ग्रामीण भागात पाच हजार रुपये महिना. आण्णांच्या जागी येणारा मुलगा पाच हजारांत घंटाही देतो आणि प्रयोगशाळाही उघडतो.

फोन ठेवताना आण्णा म्हणाले, “तुझ्याकडे विचारायला जागा आहे तर विचार.”

दुसरी पायरी डिस्ट्रिक्टच्या एचआर संचालकांची. तिथे आमचा खरा प्रश्न पुराव्याचा होता. माझी वही जानेवारीपासूनची. त्याआधीचं काय? तेव्हा मला भिंतीवरचा तक्ता आठवला. सप्टेंबरपासून प्रत्येक दुधाची नोंद, प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी आद्याक्षरं. पण त्यावर बाळाचं नाव होतं, त्याचा फोटो काढणं म्हणजे मीच नियम मोडणं. युनियनने रीतसर माहिती मागवली. वाटाघाटीसाठी आणि तक्रारीसाठी लागणारी माहिती मागायचा युनियनला हक्क आहे, डिस्ट्रिक्टला ती द्यावी लागते. दोन आठवड्यांनी नाव काळं केलेल्या झेरॉक्स आल्या. महिन्यामागून महिना, रकान्यात एकाच माणसाची दोन अक्षरं. मध्ये दोन दिवस नर्सची, मी मुलीच्या तापामुळे घरी होते तेव्हाची. माझ्या वर्गाच्या शिक्षिकेनेही एका पानाचं निवेदन लिहून दिलं, की मी हे काम करत असताना त्या वेळेत वर्गातलं माझं नेमलेलं काम होत नाही. शिक्षकांनी असं उभं राहणं फार मोलाचं असतं. मार्च २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे ३० हजार शिक्षकेतरांनी तीन दिवसांचा संप केला, तेव्हा तिथले शिक्षक त्यांच्या पाठिंब्याला बाहेर पडले म्हणूनच शाळा बंद पडल्या, आणि पुढे ३० टक्के पगारवाढीचा करार झाला. वर्षाला सरासरी २५ हजार डॉलर मिळवणाऱ्या लोकांचा संप होता तो.

एचआरच्या बैठकीत पैशांची अडचण सांगितली गेली. त्यात तथ्य आहे. विशेष मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ चा. त्यासाठीच्या जादा खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलेल, देशातल्या सरासरी दरडोई विद्यार्थी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, असं ठरलं होतं. तो वाटा आजवर कधीच पूर्ण आलेला नाही. प्रत्येक डिस्ट्रिक्ट ती तूट आपल्या खिशातून भरतं. पण ती माझ्या सव्वातीन डॉलरमधून भरली जावी हे मला मान्य नव्हतं, आणि तसं मी तिथे बोलले. त्या सगळ्या बैठकीत मी स्वतःहून बोललेलं ते एकच वाक्य.

शेवटी स्टुअर्डने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले: माझ्या कामाचं वर्णन आणि हेल्थ असिस्टंटची जाहिरात. हे काम पॅराच्या कामातच येत असेल, तर तुम्ही त्यासाठी वेगळं, जास्त पगाराचं पद कशाला तयार केलंत? संचालक बराच वेळ कागद बघत राहिल्या.

एप्रिलमध्ये समझोता झाला. १ नोव्हेंबर ते मार्चअखेर, मी हजर असलेले ८४ दिवस, रोजचे पावणेसहा तास, म्हणजे ४८३ तास, तासाला ३ डॉलर २६ सेंट फरक: १,५७४ डॉलर ५८ सेंट, कपातीआधी. एप्रिलपासून पुढे वरचा दर. सप्टेंबर-ऑक्टोबरचे सुमारे ३५ दिवस सोडून द्यावे लागले. मुदतीच्या मुद्द्यावर लवादाकडे गेलो तर सगळंच अडकेल, असं युनियनचं मत पडलं. मी सही केली. त्या ३५ दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

पद बदलून घेणं ही वेगळीच प्रक्रिया निघाली. तिचा अर्ज वर्षातून एकदाच घेतात. चौदा पानांची प्रश्नावली: दिवसातला किती टक्के वेळ कोणत्या कामात जातो, चूक झाली तर काय परिणाम होऊ शकतो. मी लिहिलं, मूल गुदमरू शकतं. मग एक बाई दिवसभर वर्गात बसून माझ्या कामाची टिपणं घेऊन गेल्या. जूनमध्ये डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने मंजुरी दिली, १ जुलैपासून हेल्थ असिस्टंट. तास मात्र पावणेसहाच राहिले. विम्याची लढाई अजून करारात आहे.

बाळाच्या आईला यातलं काही माहीत नाही. दर सोमवारी ती नवीन सिरिंज पिशवीत घालून देते आणि मला मिठी मारते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या एका ताईंचा फोन आला. नाशिकच्या आहेत. ऑफिसात क्लार्क म्हणून लागल्या आणि दोन महिन्यांपासून मुलांना इन्सुलिन देतायत. त्यांना फोनच्या आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं की त्या कामाचं वेगळं पद आहे. मी विचारलं, तुमच्या करारात मुदत किती दिवसांची? त्यांनी पीडीएफ उघडून शोधलं. पंधरा कामाचे दिवस. म्हणजे या महिन्याच्या २४ तारखेपर्यंत. रविवारी त्या माझ्याकडे येतायत, वही घेऊन.